मामा, भाची आणि ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स चिपच्या बाजारात मोठी घरं दोनच, आणि तीही एकमेकांच्या नात्यातली. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू. लिसाबाईंच्या आईचे वडील आणि जेन्सनरावांची आई ही बहीणभावंडं. म्हणजे जेन्सनराव लिसाबाईंच्या आईचे आतेभाऊ, आपल्या हिशेबानं मामा. दोघं एकत्र वाढलेले नाहीत, नातंही फार उशिरा उजेडात आलं. पण आज दोघांच्या कंपन्यांची मुख्यालयं कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा या एकाच गावात आहेत. मामा-भाची मिळून गेली काही वर्षं ज्याला मामा बनवतायत तो प्राणी मात्र जगभर विखुरलेला आहे: स्वतःच्या खिशातून कार्ड विकत घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर एआय चालवू पाहणारा प्रोग्रामर.

त्याची मागणी फार मोठी नाही. जे कार्ड रात्री दोन वाजेपर्यंत गेमसाठी घाम गाळतं, त्यानं दिवसा थोडं गणित करावं, एवढंच. गेममध्ये पाण्यावरचं ऊन दाखवायचं असो की एआयचं मॉडेल चालवायचं असो, आतून काम एकच: गुणाकार आणि बेरजा, हजारोंनी, एकदम. सिलिकॉनला त्यात फरक कळत नाही. फरक कळतो विक्री विभागाला.

बरं, ही मागणी करणारा कुणी उपरा नाही. एआयच्या या सगळ्या जत्रेचा नारळ त्यानंच फोडलाय. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्यानं इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या साथीनं ॲलेक्सनेट तयार केलं. चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या चुका २६.२ टक्के, यांच्या १५.३. विषय संपला. बारा लाख चित्रं ज्यावर शिकवली ती यंत्रसामग्री काय होती? एनव्हिडियाची जीटीएक्स ५८० नावाची गेमची दोन कार्डं, प्रत्येकी ३ जीबी मेमरी. आणि प्रयोगशाळा म्हणजे आईवडिलांच्या घरातली पोराची झोपायची खोली. पाच-सहा दिवस कार्डं तापत राहिली आणि त्या उबेवर पुढे कित्येक अब्जाधीश झाले. डेटा सेंटर नाही, कंत्राट नाही, 'एंटरप्राइझ सपोर्ट'चा करार नाही.

मामांचं इथं कौतुक केलंच पाहिजे. शिव्या पुढे आहेतच. २००७ मध्ये एनव्हिडियानं कुडा बाजारात आणलं. ग्राफिक्स कार्डाला सी भाषेच्या वळणानं गणितं सांगता येतील अशी ही सोय. खरी हुशारी अशी, की ती महागड्या कार्डांपुरती राखून ठेवली नाही. गेमसाठीच्या जीफोर्स या स्वस्त कार्डावरही तेच कुडा चालायचं. गेमच्या नावाखाली बापाकडून कार्ड उकळायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असा राजमार्ग जगभरच्या पोरांना मोकळा झाला. प्रत्येक चिपवर हा जादा खर्च कशाला म्हणून शेअर बाजार नाकं मुरडत होता. मामांनी ढुंकून पाहिलं नाही. पोरं शिकली, प्राध्यापक झाली, कंपन्यांत गेली आणि तिथं कंपनीच्या पैशानं मोठी कार्डं मागवू लागली. पेरलं ते उगवलं.

आता पीक किती आलं ते बघा. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून साधारण १२.५ अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून १०.६. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ अखेर, डेटा सेंटर ११५ अब्ज आणि गेमिंग ११.४. तेव्हाही गेमवालं गिऱ्हाईक होतं तिथंच होतं, गल्ल्यात टाकतही होतं जवळजवळ तेवढंच. फक्त आता त्याच्याकडे बघायला मालकाला मान वाकवावी लागते.

मान वाकवण्याचे कष्ट नकोत म्हणून मामांनी कुंपण घातलं. २०१७ च्या अखेरीस जीफोर्सच्या ड्रायव्हरच्या परवान्यात एक कलम आलं: हा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरायचा नाही. कार्ड तुमचं, पैसे तुमचे, खोली तुमची, वीजबिल तुमचं. पण खोलीत यंत्रं फार झाली की ड्रायव्हर आमचा. पुढची गंमत म्हणजे त्याच कलमात अपवाद होता. ब्लॉकचेनचं काम असेल तर चालेल! एखाद्या छोट्या कंपनीनं जीफोर्सच्या रांगा लावून छातीचे एक्स-रे वाचले तर नियमभंग, आणि आभासी नाणी पाडली तर शुभेच्छा. मग नाणी पाडणाऱ्यांनी बाजारातली कार्डं झाडून उचलली, तेव्हा २०२१ मध्ये मामांनी आरटीएक्स ३०६० वर नाणी पाडायचा वेग निम्मा करणारं कुलूप बसवलं. कुलूप चिपमध्ये आहे, बायॉसमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये आहे, फुटणार नाही, अशी दवंडी पिटली. महिनाभरात फुटलं. फोडलं कुणी? कंपनीनंच चाचणीसाठी सोडलेल्या ड्रायव्हरनं.

दोन कार्डं एकमेकांना जोडायची सोय मामांच्या ३०९० या कार्डावर होती, एनव्हीलिंक नावाची. पुढच्या ४०९० वरून ती काढून टाकली. एका कार्डानं दुसऱ्याच्या मेमरीत थेट हात घालायची दुसरी वाटही ड्रायव्हरमध्ये बंद. एप्रिल २०२४ मध्ये बाहेरच्या एका छोट्या चमूनं ड्रायव्हरच्या खुल्या भागात फेरफार केले आणि वाट उघडून दाखवली. कार्डाला ते येत होतं. बोलायची परवानगी नव्हती.

(पुण्यात एनव्हिडियाचं कार्यालय आहे. या कुंपणाचे एकदोन खांब आपल्याच माणसांनी रोवले असतील. त्यांनी मनाला लावून घेऊ नये, पगार चांगला आहे.)

ज्या वर्षी टोरांटोच्या खोलीत ती दोन कार्डं तापत होती, त्याच २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्स यानं भर कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. ज्या कंपन्यांशी आमचा संबंध आला त्यांत ही सर्वांत वाईट, असा जाहीर दाखलाही दिला. त्या बोटाला लेखी उत्तर मे २०२२ मध्ये आलं; ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग एनव्हिडियानं खुला केला. दहा वर्षं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांच्या मानानं लवकरच.

पण खरं दुखणं मेमरीचं आहे, आणि इथं थोडा हिशेब करू. सात अब्ज आकड्यांचं मॉडेल घ्या. दर आकड्याला दोन बाइट धरले तर झाले १४ जीबी. पिळून पिळून आकडा अर्ध्या बाइटवर आणला तर साडेतीन. घरी चालवावं असं कामाचं मोठं मॉडेल सत्तर अब्जांचं; ते तेवढं पिळूनही ३५ जीबीच्या खाली उतरत नाही, वर संभाषण लक्षात ठेवायला जागा वेगळी. आता कार्डं बघा. २०२० ची ३०९०: २४ जीबी. २०२२ ची ४०९०: २४ जीबी. २०२५ ची ५०९०: ३२.

पस्तीस मागणाऱ्याला बत्तीस. योगायोग म्हणा हवं तर.

खालच्या आळीत तर उलटी गंगा. २०२१ च्या ३०६० ला १२ जीबी होते. २०२३ ची ४०६० आली ती ८ जीबी घेऊन. २०२५ ची ५०६०, पुन्हा ८, भाव २९९ डॉलर. भाचीनं २०१६ मध्ये ८ जीबीचं आरएक्स ४८० विकलं होतं २३९ डॉलरला. नऊ वर्षांत मोबाइल बदलले, सरकारं बदलली, पक्ष फुटले, चिन्हं गेली. आठ जीबी मात्र जागचे हलले नाहीत.

मेमरी महाग असते म्हणून असं होतं, असं समजणाऱ्यांसाठी एक जोडी. ४०९० आणि आरटीएक्स ६००० एडा, दोन्ही कार्डांतली चिप एकाच जातीची. एकीला २४ जीबी, भाव होता १,६०० डॉलर. दुसरीला ४८ जीबी आणि थोडे जास्तीचे गाभे, भाव सुमारे ६,८००. मधल्या ५,२०० डॉलरना मेमरी म्हणायचं की खंडणी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. शेन्झेनच्या कारागिरांनी केव्हाच ठरवलं. ते ४०९० उचकटतात, चिप दुसऱ्या पाटीवर बसवतात, दोन्ही अंगांनी मेमरी डाकतात आणि ४८ जीबीचं कार्ड विकतात. चालतं. जे सांता क्लाराला जमत नाही ते हॉट एअर गन घेतलेल्या पोरांना जमतं.

तर मामा असे. इथं भाचीनं मैदान मारायला हवं होतं, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. मामा लुटतात, पण लुटताना कार्ड चालतं.

डिसेंबर २०२२ मध्ये एएमडीचं रेडिऑन ७९०० एक्सटीएक्स आलं. २४ जीबी मेमरी, ९९९ डॉलर. ४०९० हून सहाशे डॉलर स्वस्त. कागदावर बघितलं तर डोळे मिटून घ्यावं असं. घेतलंही लोकांनी, डोळे मिटूनच. कुडाला उत्तर म्हणून एएमडीनं २०१६ मध्येच रॉकएम काढलं होतं, तेही बहुतांशी मुक्त स्रोत, म्हणजे नैतिक उंची मामांपेक्षा चार बोटं वर. अडचण एकच. ते आपल्या कार्डावर चालतं का?

याचं उत्तर एका यादीत असतं. कंपनीच्या पानावर 'सपोर्टेड' कार्डांची यादी, आणि ती वाचणं म्हणजे दहावीच्या निकालात आपला नंबर शोधणं. आरएक्स ५८०: आधी यादीत होतं, मग निघालं. २०१९ चं ५७०० एक्सटी: कधी आलंच नाही. ७९०० एक्सटीएक्स: कार्ड दुकानात डिसेंबरात, अधिकृत नाव यादीत पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत. एवढी ओरड झाल्यावर पुढच्या वेळी शहाणपण आलं असेल? मार्च २०२५ मध्ये ९०७० बाजारात आलं. एआयसाठी नवं, एआयसाठी खास, अशी जाहिरात. रॉकएमची अधिकृत साथ मिळाली मे महिन्यात. वरातीमागून घोडं निघालं ते निघालं, या वेळी निदान दोनच महिने मागे होतं, यालाही प्रगती म्हणतात.

हे असं का होतं, याचं कारण मात्र रंजक आहे. कुडामध्ये प्रोग्रॅम पीटीएक्स नावाच्या एका मधल्या भाषेत ठेवता येतो. ड्रायव्हर तो ऐन वेळी त्या त्या चिपच्या बोलीत उतरवतो. म्हणून आज लिहिलेला प्रोग्रॅम उद्याच्या, अजून न जन्मलेल्या कार्डावरही बोलतो. रॉकएममध्ये ती मधली भाषा नव्हती. प्रत्येक चिपच्या बोलीसाठी प्रोग्रॅम वेगळा शिजवायचा, आणि कंपनी ज्यांच्यासाठी शिजवणार नाही त्यांनी उपाशी राहायचं. त्यात एएमडीनं २०१९-२० च्या सुमारास घरच वाटून टाकलं: गेमच्या कार्डांना आरडीएनए नावाची रचना, डेटा सेंटरला सीडीएनए. दोन चुली. पोरानं घरच्या कार्डावर जे शिकावं ते ऑफिसच्या यंत्रावर नीट लागू पडू नये, याची सोय कंपनीनं स्वतःच केली. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की चुली पुन्हा एक करणार, नाव युडीएनए. मामांनी कुडाची चूल कधी वेगळी केलीच नव्हती.

मग लोकांनी काय करावं? तोतयेगिरी. आरएक्स ६७०० एक्सटी या कार्डाची चिप स्वतःची ओळख जीएफएक्स १०३१ अशी सांगते. रॉकएम म्हणतं, तुला ओळखत नाही. तिचं मोठं भावंड ६८००, ते जीएफएक्स १०३०, त्याला पायघड्या. दोघांची बोली जवळजवळ एकच. तेव्हा टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची: एचएसए ओव्हरराइड जीएफएक्स व्हर्जन, बरोबर, १०.३.०. म्हणजे कार्डानं खोटं सांगायचं की मी १०३० आहे. रॉकएम भाबडं, लगेच आत घेतं आणि मॉडेल धडाधड चालू लागतं! सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला पेशवाईत जिवाला मुकावं लागलं, इथं तोतया तासाला हजारो शब्द काढतो. कंपनीला ही ओळ ठाऊक आहे, कंपनीनंच ती सोय ठेवलीय, कंपनीची माणसंही ती सुचवतात. फक्त अधिकृत साथ द्या म्हटलं की सगळे मौनात. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत लोक पंधरा-पंधरा वर्षं राहतात ना, तसं हे आहे. पाणी येतं, लिफ्ट चालते, मुलांची लग्नं होतात. काही झालं तर मात्र तुम्ही तिथं राहतच नव्हता.

हे सगळं गुमान सोसणाऱ्यांत एक माणूस बसत नाही, जॉर्ज हॉट्झ. सतराव्या वर्षी आयफोनचं कुलूप उघडणारा, प्लेस्टेशनच्या भानगडीत २०११ मध्ये सोनीनं कोर्टात खेचलेला. २०२३ मध्ये यानं आपल्या टायनी कॉर्प या कंपनीसाठी ५१ लाख डॉलर उभे केले आणि जाहीर केलं की एएमडीचीच कार्डं वापरून स्वस्त एआयची पेटी बांधतो. भाचीच्या घरी फुकटचा जावई आला म्हणायचा. जावयानं पहिल्याच पंगतीला पान उलथं केलं. एएमडीनंच दिलेले नमुन्याचे प्रोग्रॅम लागोपाठ चालवले की अख्खं यंत्र कोसळतं, हे त्यानं जून २०२३ मध्ये सगळ्यांसमोर दाखवलं. लिसाबाईंपर्यंत बात गेली, बोलणी झाली, जावई पुन्हा बसला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा उठला: कार्डाच्या आत कामं वाटून देणारा जो छोटा बंदिस्त प्रोग्रॅम आहे तो खुला करा, दुरुस्त आम्ही करतो, पैसे नकोत. लिसाबाईंनी जाहीर कळवलं की आमची माणसं कामाला लागली आहेत.

हे 'माणसं कामाला लागली आहेत' महानगरपालिकेत ऐकलेलं आहे आपण.

शेवटी टायनीची पेटी आली ती दोन रंगांत. लाल पेटीत सहा रेडिऑन, १५,००० डॉलर. हिरव्या पेटीत सहा ४०९०, २५,०००. दोन्हीकडे कार्डाला मेमरी तेवढीच, २४ जीबी. विकणाऱ्यानंच सल्ला दिला, मतितार्थ असा: खटपटीची हौस आणि दुःख सोसायची तयारी असेल त्यानं लाल घ्यावी. म्हणजे ड्रायव्हर न कोसळण्याची बाजारातली किंमत निघाली. दर पेटीमागे बऱ्याच अंशी दहा हजार डॉलर. कंपनीतल्या कुठल्याही हिशेबनीसाला ही रक्कम बघून झोप लागू नये. पण लागत असावी.

घरच्या गिऱ्हाइकाचे हाल म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाचे लाड, असंही नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये सेमीॲनालिसिस या चिपउद्योगावर लिहिणाऱ्या मंडळींनी पाच महिने तपासणी करून लेख छापला. त्यातलं एक वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. टेन्सरवेव्ह नावाची कंपनी एएमडीकडून डेटा सेंटरची कार्डं विकत घेते आणि भाड्यानं देते. तिनं एएमडीच्याच इंजिनियरांना ती कार्डं फुकट वापरायला दिली, का, तर त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त कराव्यात. कार्ड ज्यानं विकलं त्याच्याकडे तपासायला कार्ड नाही, आणि पैसे मोजून घेतलेल्यानं ते माघारी द्यायचं. लेख आल्यावर लिसाबाईंनी लेखकांना लगेच वेळ दिला. भाचीबाई तक्रार ऐकतात, यात शंका नाही. फक्त ती चव्हाट्यावर मांडावी लागते.

झ्लुडाची कथा छोटी आहे पण कडू. एका पोलिश प्रोग्रामरनं कुडासाठी लिहिलेले प्रोग्रॅम एएमडीच्या कार्डावर जसेच्या तसे चालतील अशी युक्ती केली. एएमडीनं दोन वर्षं पैसे दिले, मग हात आखडता घेतला. ठरल्याप्रमाणे त्यानं काम २०२४ च्या फेब्रुवारीत खुलं केलं. ऑगस्टमध्ये एएमडीच्या वकिलांनी सांगितलं, ई-मेलवर दिलेली परवानगी कायद्यानं बांधील नाही, काढून टाका. काढलं बिचाऱ्यानं. तिकडे मामांनी कुडाच्या करारात कलम घालून ठेवलेलंच होतं की आमच्या प्रोग्रॅमचं भाषांतर दुसऱ्याच्या चिपसाठी करायला मनाई. मामांनी दार लावलं हे समजतं. भाचीनं स्वतःची खिडकी बंद केली, ती कुणाच्या भल्यासाठी?

आणि इंटेल? आहे, आहे. २०२२ मध्ये त्यांनी आर्क ए७७० आणलं, १६ जीबी, साडेतीनशे डॉलर. भाव रास्त, मेमरी रास्त, नियत रास्त, गिऱ्हाईक थोडं. सप्टेंबर २०२५ मध्ये मामांनीच इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. चला, तिसरं घरही नात्यात आलं.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. प्रत्येक कार्ड, प्रत्येक लिनक्स, विंडोज, एआयसाठीच्या पायटॉर्चची प्रत्येक आवृत्ती, यांचा गुणाकार केला तर तपासणीचा खर्च खरोखर डोळे फिरवणारा. तीनशे डॉलरच्या कार्डावर तो निघत नाही. हे खोटं नाही. २००७ मध्येही निघत नव्हता, आणि तेव्हा एनव्हिडियाचा आजच्यासारखा शंभर अब्जांवरचा गल्ला नव्हता. तरी तेव्हा केलं. एएमडी तर आज ज्याला खर्च म्हणते तो तिच्या प्रतिस्पर्ध्यानं तेव्हाच भरलेला हप्ता आहे, आणि त्याची फळं ती रोज समोर बघते. दिसूनही न दिसणं याला व्यवस्थापनशास्त्रात 'फोकस' म्हणतात.

दरम्यान लोक थांबले नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत मेटाचं लामा हे मॉडेल आलं आणि मार्चमध्ये जॉर्जी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरनं ते साध्या मॅकबुकवर, साध्या प्रोसेसरवर चालवून दाखवलं. लामा डॉट सीपीपी हे त्या खटाटोपाचं नाव. आज रेडिऑनवाले कित्येक जण त्याच्याच मदतीनं मॉडेल चालवतात, आणि तेही रॉकएमला वळसा घालून, व्हल्कनवर. व्हल्कन म्हणजे गेममधली चित्रं काढायची व्यवस्था. सावल्या आणि स्फोटांसाठी केलेली वाट गणितासाठी कमी कटकटीची निघाली. एएमडीच्या कार्डावर एआय चालवायचं असेल तर एएमडीच्या एआयच्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा, असा हा अनुभवाचा सल्ला.

मामांनाही घरच्या माणसाची आठवण झाली म्हणा. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी टेबलावर मावणारा एआयचा सुपरकॉम्प्युटर जाहीर केला, १२८ जीबी, ३,००० डॉलरपासून. ऑक्टोबरात विक्री सुरू झाली तेव्हा भाव ३,९९९. सामान्य संशोधकाच्या टेबलासाठी केलेलं हे यंत्र मामांनी सुरुवातीलाच स्वतः जाऊन कुणाला दिलं? इलॉन मस्कला. गरजू म्हणून असेल. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रूशियल हा घरगुती मेमरीचा ब्रँडच बंद करायचं ठरवलं. डेटा सेंटरांना पुरवायला माल हवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मामा मुंबईला येऊन गेले. मुकेश अंबानींच्या शेजारी बसून म्हणाले, पीठ निर्यात करायचं आणि पाव आयात करायचा, याला काही अर्थ नाही; माहिती तुमची, तेव्हा एआयही तुम्हीच भाजा. टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी ५०९० चा भारतातला अधिकृत भाव आला: २,१४,००० रुपये. लॅमिंग्टन रोडवर त्या भावात मिळालं तर पेढे वाटावेत. जळगाव-सांगलीकडच्या इंजिनियरिंग कॉलेजातला पोरगा शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मग गूगल कोलॅबवर करतो, फुकटच्या तासांत, मध्येच सेशन तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या फुकटच्या तासांत त्याच्या वाट्याला येणारं कार्ड मामांचंच असतं, टी४, २०१८ सालचं. मेमरी १६ जीबी. दुकानातल्या नव्याकोऱ्या ५०६० च्या बरोबर दुप्पट.